जुना लॅपटॉप नेमका कशासाठी खोळंबतो?

घरातला किंवा शाळेतला लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटे घेऊ लागला, की सर्वजण एकच निकाल देतात: "हा म्हातारा झाला, भंगारात द्या!" माझ्या मते हा निकाल बहुतेक वेळा पुराव्यावाचून दिलेला असतो. पंखा स्वच्छ असेल, तर प्रोसेसर पहिल्या दिवशी सेकंदाला जेवढी कामे करी तेवढीच पंधरा वर्षांनंतरही करतो. वाढलेला असतो तो आपण त्याच्यावर टाकलेला भार. म्हणून 'यंत्र किती जुने?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'यंत्र कशासाठी खोळंबते?' हे विचारणे शास्त्रीय ठरेल.

एक दृष्टांत घेऊ. धुळे-सोलापूर महामार्गावरील आमच्या येरमाळ्यात चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची मोठी यात्रा भरते. अशा गर्दीतले नारळ-प्रसादाचे एक दुकान डोळ्यांपुढे आणा. दुकानदाराचे हात म्हणजे प्रोसेसर. त्याच्यासमोरची फळी म्हणजे संगणकाची तात्पुरती स्मृती, जिला बाजारात रॅम म्हणतात. गावातले गोदाम म्हणजे हार्ड डिस्क. फळी लहान असेल, तर दर चार गिऱ्हाइकांमागे दुकानदाराला गोदामाकडे धावावे लागेल. अशा वेळी अधिक चपळ दुकानदार आणून काय उपयोग? तोही रस्त्यातच अडकणार. फळी रुंद करणे हाच खरा उपाय होय.

आता आकडे पाहा. स्मृतीतून माहिती उचलायला साधारणपणे १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंदांच्या आसपास. म्हणजे अंतर सुमारे एक लाख पटींचे! फळीवरचा नारळ एका सेकंदात हाती येत असेल, तर गोदामातला यायला जवळजवळ अठ्ठावीस तास लागतील. स्मृती भरली की संगणक तिच्यातला मजकूर सारखा डिस्कवर नेऊन ठेवतो आणि परत आणतो. आपल्याला वाटते यंत्र थकले; वास्तविक ते हेलपाटे घालत असते.

हे ताडून पाहणे अवघड नाही. यंत्र मंदावले असताना टास्क मॅनेजर उघडा. स्मृती काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत कामात, पण प्रोसेसर बराचसा रिकामा, असे दिसले तर स्मृती वाढवा. प्रोसेसरच शंभर टक्क्यांवर अडकला असेल, तरच त्याचा विचार करा. आधी मोजमाप, मग खर्च, हा क्रम कधीही सोडू नका.

ही स्मृती असते तरी काय? तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एक अतिसूक्ष्म धारित्र आणि त्याचा ट्रान्झिस्टर. धारित्रावर विद्युतभार असला तर १, नसला तर ०. हा भार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत तो पुन्हा भरावा लागतो. एक गिगाबाइट स्मृतीत अशी सुमारे ८५९ कोटी धारित्रे असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली पूर्ण झालेल्या 'टिफ्रॅक' या संगणकाची स्मृती ४० बिटांच्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या हिशेबाने फक्त १० किलोबाइटांची होती. आपण ज्याला 'अगदीच तुटपुंजी' म्हणतो ती एक गिगाबाइट स्मृती तिच्या एक लाख पट आहे!

परंतु कोणतीही पट्टी कोणत्याही खाचेत बसत नाही. डीडीआर-२ जातीची पट्टी १.८ व्होल्टवर चालते, तर डीडीआर-३ जातीची १.५ व्होल्टवर. चुकीची पट्टी बसूच नये म्हणून तिच्या कडेवरील खोबण वेगळ्या जागी ठेवलेली असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नका. ती आपल्याला काहीतरी सांगत असते.

प्रोसेसरची कथा आणखी उद्‌बोधक आहे. २००६ साली आलेल्या थिंकपॅड टी-६० या लॅपटॉपचे उदाहरण घ्या. त्याचा प्रोसेसर डाख देऊन कायमचा चिकटवलेला नसून सॉकेटमध्ये बसवलेला होता. त्यामुळे १.८३ गिगाहर्ट्‌झचा मूळचा कोअर ड्यूओ काढून २.३३ गिगाहर्ट्‌झचा कोअर-२ ड्यूओ त्यात बसवता येतो. घड्याळाच्या हिशेबाने वेग वाढतो तो जेमतेम सव्वापट. मग हा उपद्व्याप का करायचा? कारण पहिला प्रोसेसर ३२ बिटांचा आहे आणि दुसरा ६४ बिटांचा. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन या लिनक्स-प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढून टाकली. तेव्हा येथे खरा लाभ नव्या प्रणालींची भाषा समजण्याचा आहे. वेगाचा लाभ त्यामानाने लहान.

तरीही एक अडसर उरतोच. याच लॅपटॉपच्या मदरबोर्डावरील चिपसंच ३२ बिटांचेच पत्ते ओळखतो. २ चा ३२ वा घात केला तर ४,२९,४९,६७,२९६ एवढे पत्ते मिळतात, म्हणजे चार गिगाबाइट. त्यांतले काही इतर भागांसाठी राखलेले असल्याने चार गिगाबाइटच्या पट्ट्या घातल्या तरी सुमारे तीनच वापरता येतात. नवा प्रोसेसर आणला म्हणून जुना चिपसंच शहाणा होत नाही. यंत्राचे भाग एकमेकांना बांधलेले असतात. एकाची मर्यादा सर्वांना भोगावी लागते.

शिवाय प्रोसेसरची उष्णता वारंवारतेच्या प्रमाणात आणि विभवाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून नवा प्रोसेसर जुन्या पंख्याला पेलेल असाच हवा आणि त्यावरचा उष्णतावाहक लेपही नव्याने लावायला हवा. हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. पट्टी बदलतानाही अ‍ॅडॅप्टर आणि बॅटरी दोन्ही आधी काढा, आणि भूसंपर्कित धातूला हात लावून अंगावरचा विद्युतभार घालवा. आपल्या भागातल्या कोरड्या हवेत अंगावर काही हजार व्होल्टचा विभव सहज साठतो. बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र प्रयोग तेथेच थांबवा.

कोणी म्हणेल, जुन्याला ठिगळे लावणे हे गरिबीचे लक्षण आहे. त्याने नारायणगावजवळील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहावी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० थाळ्या १९९० च्या दशकात उभ्या राहिल्या. पुढे शास्त्रज्ञांनी थाळ्या तशाच ठेवून संग्राहक आणि मागची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बदलली. एका वेळी टिपता येणारा वारंवारतांचा पट्टा ३२ मेगाहर्ट्‌झवरून ४०० मेगाहर्ट्‌झपर्यंत गेला. जे सक्षम होते ते राखले, जे अडवत होते तेच बदलले. विज्ञानाची काटकसर ती हीच.

सर्वच जुने लॅपटॉप वाचवावेत असे मी म्हणत नाही. दुरुस्तीचा खर्च बरा वापरलेला लॅपटॉप घेण्याइतका होत असेल, तर हट्ट सोडावा. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज-१० चा नेहमीचा आधार संपल्यापासून, चांगली चालणारी अनेक यंत्रे केवळ नवी प्रणाली त्यांना स्वीकारत नाही म्हणून अडगळीत जाण्याच्या वाटेवर आहेत. ज्या गावात एका संगणकाभोवती दहा मुले दाटीने बसतात, तेथे असे एक यंत्र फेकणे म्हणजे दहा मुलांचा तास बुडवणे आहे. चार गिगाबाइट स्मृती आणि हलकी लिनक्स-प्रणाली एवढ्यावर लेखन, गणित आणि प्रोग्रामिंग शिकता येते.

आणखी एक गोष्ट. आजच्या अनेक सडपातळ लॅपटॉपांत प्रोसेसरच नव्हे, तर स्मृतीही बोर्डावर डाख देऊन पक्की केलेली असते. ती विकत घेतली त्या दिवशी जेवढी, तेवढीच शेवटपर्यंत. म्हणून पुढच्या वेळी घरात लॅपटॉप घ्यायचा ठरला, तर रंग आणि वजन पाहण्याआधी दुकानदाराला एक प्रश्न तुम्ही विचारा: "याची स्मृती पुढे वाढवता येईल का?" उत्तर 'नाही' आले, तर ते यंत्र किती वर्षे टिकेल याचा हिशेब तेथेच करा. आणि शाळेच्या कपाटात एखादा जुना लॅपटॉप पडून असेल, तर गुरुजींची परवानगी घेऊन तो कशासाठी खोळंबतो, ते या आठवड्यातच मोजून पाहा.