बुकीची बाकी फेडायला घर विकू नका : उपनगरवासीयांना तातडीचे आवाहन

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आणि मधल्या सगळ्या स्थानकांवर रोज उतरणाऱ्या बंधुभगिनींनो,

आयपीएलचा मोसम आला की आपल्या इमारतींत, नाक्यांवर, टर्फच्या जाळीबाहेर आणि रात्रीच्या लोकलमध्ये सट्ट्यालाही भरती येते. आता त्याला चिठ्ठी लागत नाही की अड्डा लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप किंवा टेलिग्रामवर एक 'आयडी' मिळतो, यूपीआयने पैसे टाकले की खात्यात पॉइंट जमा होतात आणि मुलगा शेजारच्या खोलीत बसून पुढच्या षटकांत किती धावा होतील यावर पैसे लावत राहतो. घरात कोणालाही पत्ता लागत नाही. लागतो तेव्हा एफडी मोडलेली असते, दागिने गहाण पडलेले असतात आणि मोबाइलवर कर्ज देणाऱ्या तीन-चार अ‍ॅपचे हप्ते थकलेले असतात.

ज्यांच्या घरात हे घडून गेले आहे, त्यांच्याशी मला सर्वात आधी बोलायचे आहे. बुकीचा माणूस दारात येतो आणि सांगतो, "तुमच्या पोराकडे तीन पेटी बाकी आहे." पेटी म्हणजे लाख. शेजाऱ्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून बाप मान खाली घालतो आणि गावची जमीन, नाहीतर राहते घर विकायच्या गोष्टी सुरू होतात. कृपा करून थांबा. ही बाकी कायद्याच्या नजरेत कर्जच नाही. भारतीय करार कायदा, १८७२ याचे ३० वे कलम स्पष्ट सांगते की पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकल्याचे सांगून कोणालाही त्या पैशासाठी दावा लावता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतल्या बक्षिसापुरता तेवढा एक अपवाद आहे. मुंबई इलाखा तर याच्याही पुढे होता. १८६५ मध्ये इथे झालेल्या कायद्याने, पैज लावता यावी म्हणून जाणूनबुजून केलेले आजूबाजूचे व्यवहारही बाद ठरवले. सट्ट्यासाठी दिलेली उसनवारी त्यात आली, त्यासाठी घेतलेली जामीनकीही आली. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांना जे संरक्षण मिळाले, ते आपल्याला माहीतही नसावे याचे मला फार वाईट वाटते.

बाकी वसूल करायला येणारा माणूस बहुतेक वेळा एखादा सावकारही सुचवतो. त्याच्याकडे परवाना आहे का, हे विचारा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. अंगावर धावून आला, धमकी दिली, तर ती खंडणी आहे. ११२ वर फोन करा. आपल्यालाच पकडतील ही भीती बाळगू नका. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. त्यात खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. नुसत्या खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. तो बळी आहे, असे धरूनच हा कायदा लिहिला आहे.

कॉलेजच्या मुलांना, घरोघर पार्सल पोहोचवणाऱ्या पोरांना आणि इमारतींच्या वॉचमनना एक वेगळी विनंती. "तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पैसे देतो" असे सांगणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याला खाते, एटीएम कार्ड किंवा सिम देऊ नका. सट्ट्याचा पैसा अशा भाड्याच्या खात्यांतूनच फिरतो. पोलिस माग काढत येतात तेव्हा नाव तुमचे निघते, खाते तुमचे गोठते आणि आयडी वाटणारा परदेशात असतो. 'महादेव' अ‍ॅपच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या माटुंगा पोलिस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. त्याच महिन्यात केंद्राने त्या अ‍ॅपसह २२ अ‍ॅप आणि संकेतस्थळे बंद केली. आयडी वाटण्याचा धंदा मात्र नवी नावे घेऊन चालूच राहिला.

आता मुद्दा महसुलाचा. दर मोसमात कोणीतरी म्हणतोच, लोक खेळणारच आहेत, मग सरकारने सट्टा खुला करून कर का घेऊ नये? हा प्रश्न मी उडवून लावत नाही. २०१३ च्या स्पॉट-फिक्सिंगनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती लोढा समितीने २०१६ मध्ये, क्रिकेटवरची बेटिंग नियमांत बांधून कायदेशीर करावी असे सुचवले. विधी आयोगाने जुलै २०१८ च्या २७६ व्या अहवालात, बंदी पाळून घेता येत नसेल तर आधार-पॅनशी जोडलेली, मर्यादा घातलेली व्यवस्था आणावी, असे म्हटले. माणसे विचारी होती. पण कर येतो कुठून, हे आपण नीट पाहायला हवे. न्यूयॉर्क राज्याने जानेवारी २०२२ मध्ये मोबाइलवरची बेटिंग खुली केली आणि कंपन्यांच्या उत्पन्नावर ५१ टक्के कर लावला. उत्पन्न म्हणजे जिंकणाऱ्यांना देऊन उरलेला पैसा, अर्थात हरणाऱ्यांचा पैसा. तो कर वाढायचा तर हरणाऱ्यांचे हरणे वाढले पाहिजे. आपल्याकडे ऑनलाइन पैशांच्या खेळांवर १ ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सट्टा, कॅसिनो, घोड्यांच्या शर्यती यांच्यासाठी दर ४० टक्के झाला. एवढ्या जबर कराने कोणाचा हात आखडल्याचे मला माझ्या आसपास दिसले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये विधेयक आले तेव्हा सरकारी अंदाज सांगितला गेला की देशातले सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी २०,००० कोटी रुपये अशा खेळांत घालवतात.

शेजारच्या गोव्याकडे पाहा. कॅसिनोंचे उत्पन्न घेणाऱ्या त्या राज्यानेही फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना त्या टेबलांवर बसायला मनाई केली. कराची गरज असलेल्या सरकारलाही आपली माणसे तिथे नको होती, एवढे समजले तरी पुरे.

महाराष्ट्राने या बाबतीत एकदा शहाणपण दाखवले आहे. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळाने कॅसिनो नियंत्रण व कर कायदा केला होता. पुढे कितीतरी सरकारे आली, पण एकानेही तो अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचेच ठरवले. मला हा निर्णय योग्य वाटतो, कारण मटक्याचा काळ या शहराने सोसला आहे. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी जे आकडे फिरवले, त्यात गिरणगावातल्या किती पगारांची माती झाली, हे लालबाग-परळ सोडून मुलुंड-बोरिवलीला आलेल्या घरांतल्या म्हाताऱ्यांना विचारा. ती घरे पुन्हा उभी राहायला एक पिढी गेली.

पण नको म्हणून भागत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार आणि पैज हा विषय राज्य सूचीत, ३४ व्या क्रमांकावर आहे. आपल्या पोलिसांच्या हातात मात्र अजून १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. अड्डा, फड, पत्ते, फासे यांच्यासाठी तो लिहिला गेला. रस्त्यावर जुगार खेळणाऱ्याला त्यात काहीशे रुपये दंड आहे. आज आयपीएलमध्ये दोन महिन्यांसाठी भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमधून चार लॅपटॉपवर कोट्यवधींचे भाव फिरतात. त्याला हा कायदा पुरत नाही. बुकी पकडला जातो, जामिनावर सुटतो आणि पुढच्या गल्लीत दुसरा फ्लॅट घेतो.

मुंबई उपनगर जिल्ह्यात विधानसभेच्या २६ जागा आहेत. या २६ आमदारांना आपण विचारले पाहिजे की १८८७ च्या जागी नवा कायदा कधी आणणार. त्यात खाती भाड्याने घेणाऱ्या दलालांना कडक शिक्षा हवी. जप्त झालेला पैसा उपनगरांतल्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत जुगाराच्या व्यसनावरच्या उपचारांसाठी राखून ठेवायला हवा. आणि बेटिंगच्या कराकडे उत्पन्नाचे साधन म्हणून पाहणार नाही, असे त्यांच्याकडून लेखी घ्यायला हवे.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांनो, मोसमापुरता फ्लॅट मागणाऱ्या भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याशिवाय त्याला चावी देऊ देऊ नका. मंडळांनो, गल्ली क्रिकेटच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनो, 'स्पोर्ट्स न्यूज' अशा सोज्वळ नावाने येणारे बॅनर नीट तपासा. बेटिंग कंपन्यांच्या अशा आडून केलेल्या जाहिरातींबद्दल माहिती व प्रसारण मंत्रालयाने २०२२ मध्येच इशारे दिले होते आणि नव्या केंद्रीय कायद्यात जाहिरातीला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. वर्गणी कमी पडली तर चषक लहान ठेवा, पण तो पैसा घेऊ नका. टर्फच्या मालकांनो, आयडी वाटायला येणाऱ्यांना जाळीच्या आत येऊ देऊ नका.

आणि आईवडिलांनो, मुलाने कबूल केले तर त्या रात्री त्याला मारू नका, घराबाहेर काढू नका. त्याला झोपू द्या, पण एकटे सोडू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बसून सगळ्या खात्यांचा हिशेब एका कागदावर लिहा आणि फोनमधले आयडी, ग्रुप, कर्जाचे अ‍ॅप यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुरावा म्हणून ते लागतील. मन खचले असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. फोन मोफत आहे, रात्रीही लागतो. फसवणुकीत पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा, कारण जितका उशीर तितके ते पुढच्या खात्यांत सरकत जातात. हे दोन्ही क्रमांक आजच लिफ्टशेजारच्या फलकावर लावा आणि अधिवेशन सुरू होण्याआधी आपल्या आमदाराला सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र पाठवा.