मोजपट्टी आधी ठरवा

उरणकरांना काहीही द्या, ते खोट काढणारच, असा शेरा हल्ली इथल्या तरुणांकडूनही ऐकू येतो. 12 जानेवारी 2024 रोजी लोकल नवी मुंबईजवळच्या या उरणपर्यंत आली, त्याच दिवशी अटल सेतूचं उद्‌घाटन झालं. पण लगेच दोन गाड्यांमधल्या वेळेची तक्रार सुरू झाली. या शेऱ्याला शास्त्राचाही आधार सापडतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लेव्हारी, डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात काही प्रयोग मांडले. पडद्यावरचे धमकावणारे चेहरे ओळखायचे होते. असे चेहरे कमी दाखवले जाऊ लागले, तसे लोक आधी साधे वाटलेले चेहरेही धमकावणारे ठरवू लागले. निळे ठिपके ओळखण्याच्या अशाच प्रयोगात आधी बजावून आणि पैसे देऊ करूनही हा कल गेला नाही. त्रास घटला की त्रासाची व्याख्या रुंदावते, आणि ती रुंदावल्याचं माणसाच्या ध्यानात येत नाही.

पण हे निदान उरणला सरसकट लावणं अन्यायाचं आहे, कारण त्यासाठी आधी त्रास घटायला हवा. 1984 च्या जानेवारीत संपादित जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात उरण परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. न्हावा-शेवा बंदर 1989 मध्ये सुरू झालं. त्यासाठी जमीन गेलेल्यांना या भूखंडांची इरादापत्रं मिळाली 2014 मध्ये, आणि इरादापत्र म्हणजे भूखंड नव्हे. बंदराच्या भरावामुळे आणि तिवरांच्या तोडीमुळे मासेमारी बुडाल्याचं कोळी सांगत राहिले, तेव्हा त्यांनाही विकासाच्या आड येणारे म्हटलं गेलं. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजे ज्यांना किरकिरे ठरवलं, त्यांचंच म्हणणं ग्राह्य धरलं गेलं. इतकी वर्षं पाठपुरावा करावा लागलेल्या माणसाने नव्या आश्वासनात आधी खोट शोधणं ही विकृती नाही.

यावर कुणी म्हणेल, तक्रारीवरच पोट भरणारे पुढारी इथेही आहेत. आहेत, आणि त्यांच्यामुळे नुकसान खऱ्या पीडितांचंच होतं. पण स्वभाव तपासून त्यांना वेगळं काढता येत नाही; तक्रारच तपासावी लागते. काय बिघडलं, कुठे, कधीपासून आणि किती झालं की सुटलं म्हणायचं, हे काम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी लिहून ठेवावं. लोभापायी बोलणारा मोजपट्टी मान्य करायला कचरतो, आणि टाळाटाळ करणारी कचेरीही. पुढे मोजपट्टी बदलूच नये, असं मात्र नाही. गाडीच नव्हती तेव्हा गाडी मागायची, आल्यावर फेऱ्या मागायच्या, ही रास्त वाढ आहे. फक्त नवी मागणी नवी म्हणून मांडावी, जुनं वचन मोडल्याचा कांगावा करू नये. करंजा-मोऱ्याच्या खाड्यांत यापुढे कुठलाही भराव टाकण्याआधी आज भरतीचं पाणी कुठवर चढतं आणि होडीला किती मासळी मिळते, याची नोंद कोळ्यांना सोबत घेऊन करावी आणि तिची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. मग दहा वर्षांनी कोण उगाच कुरकुरतं आणि कोण खरं बोलतं, हे त्या कागदावरून ठरवता येईल.