सरासरीची दिवाळी

दिवाळी अंकात रोगराईची आणि मरणाची गोष्ट काढणारा लेखक म्हणजे फराळाच्या ताटात मिठाचा खडा टाकणारा माणूस, हे मी जाणून आहे. पण नरकचतुर्दशीच्या पहाटे चकली-करंजीला हात लावण्यापूर्वी पायाखाली कारीट फोडायचे आणि त्याचे कडू बी जिभेला लावायचे, ही रीत आपल्याच वाडवडिलांनी घालून दिली आहे. वाचकहो, पुढची दोन-तीन पाने ते कारीट समजा. फराळ पळून जात नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवडविषयी एक वाक्य गेली कित्येक वर्षे भाषणांतून ऐकू येते : ही आशियातील श्रीमंत महानगरपालिकांपैकी एक. हे वाक्य उच्चारताना वक्त्याची छाती दोन बोटे तरी फुगते. फुगू द्या. श्रीमंती हा काही गुन्हा नव्हे. पण घर श्रीमंत आहे की नाही हे दारातल्या कंदिलावरून ठरवू नये, माजघरात कोण उपाशी निजले आहे ते पाहून ठरवावे, एवढे तर आपल्या आज्याही जाणत होत्या.

या नगरीचा जन्मच मुळी औषधातून झाला. इथे स्कूटर येण्याच्या आधी पेनिसिलीन आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना पिंपरीत उभा राहिला. त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे आणि युनिसेफचे साहाय्य होते, आणि गरिबाच्या लेकराला परदेशी औषधावाचून मरावे लागू नये हा त्यामागचा हेतू होता. पुढे भोसरीची औद्योगिक वसाहत झाली, मोटारींचे, स्कूटरींचे कारखाने आले. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली, तेव्हा वस्ती लाखाच्या आतबाहेर होती. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत माणसे १० लाखांवर गेली, २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर. आणि औषधाच्या त्या कारखान्याचे काय झाले म्हणाल, तर त्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत, असा निर्णय केंद्र सरकारला २०१६ च्या डिसेंबरात घ्यावा लागला. पेनिसिलीन पिकवणाऱ्या भुईचा भाव पेनिसिलिनाहून चढला!

वाढत्या वस्तीचे आकडे दाखवून आमच्यातले काही शहाणे लगेच बोट करतात. म्हणतात, "लोंढे येतात हो बाहेरून! दवाखाने पुरणार कसे? पाणी पुरणार कसे? लोकसंख्या हाच खरा रोग." मोठे सोयीचे निदान आहे. पण लोंढा हा शब्द पुराला शोभतो. पूर कोणी निमंत्रण देऊन बोलावीत नाही. ही माणसे आपण बोलावली. जमिनी संपादन केल्या, रस्ते आखले, कारखान्यांना सवलती दिल्या, आणि कारखान्याला यंत्राइतकेच हात लागतात हे ठाऊक असूनही हातांना राहायला कुठे जागा ठेवावी याचा विचार मात्र आराखड्याबाहेर ठेवला. पाहुण्याला आवतण द्यायचे आणि पंगतीत पान मांडायचे नाही, वर घरात गर्दी झाली म्हणून त्यालाच बोल लावायचा, ही कुठली रीत?

या पाहुण्याचा हिशेब एकदा नीट मांडू या. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून, बिहार-ओडिशातून जो मुलगा इथे येतो तो अठरा-वीस वर्षांचा असतो. त्याच्या आईचे बाळंतपण, त्याचा गोवर, त्याची शाळा, वीस वर्षांची भाकरी, हा सगळा खर्च त्याच्या गावाने सोसलेला असतो. शहराच्या हाती तयार, धडधाकट शरीर येते. आजारी माणूस सहसा नोकरी शोधायला परगावी निघतच नाही. पुढची पंधरा-वीस वर्षे हे शरीर तीन पाळ्यांत राबते. मग पाठ जाते, खोकला जडतो, कंत्राटदार नवे नाव लिहितो आणि जुन्याला "जरा गावी जाऊन विश्रांती घे" असे सांगतो. तो जातो आणि पुष्कळदा तिकडेच संपतो. १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जिथे मृत्यू घडतो तिथे होते. म्हणजे कमाई शहराच्या वहीत आणि मरण गावाच्या वहीत! धडधाकट येत राहतात, खचलेले जात राहतात, आणि शहराची प्रकृती कागदावर कशी ठणठणीत दिसते! उलट मावळ-खेडचे रुग्ण इथल्या मोठ्या रुग्णालयात येऊन दगावले, की ते शहराच्या खात्यावर चढतात. मृताचा राहता पत्ता आणि त्याचा धंदा पाहिल्याखेरीज या एकंदर आकड्याला अर्थ नाही, हे सांगायला कोणी मोठा शास्त्रज्ञ लागत नाही.

मी शाळामास्तर आहे. सरासरी हे प्रकरण मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. एका मुलाला ९० गुण, दुसऱ्याला १०; सरासरी ५०. म्हणून दहा गुणांचा पोरगा पास झाला, असे मी प्रगतिपुस्तकात लिहिले तर शाळा मला घरी बसवील. मग पुनावळे-वाकडच्या बाराव्या मजल्यावरचे आयुष्य आणि चिखली-कुदळवाडीच्या पत्र्याच्या खोलीतले आयुष्य एका बेरजेत घालून जो अधिकारी "शहराचे आरोग्यमान समाधानकारक" असे लिहितो, त्याला आपण काय करतो? बढती देतो!

हे काही मी नवे सांगत नाही. ज्या इंग्लंडकडून आपण कारखाना घेतला, त्या इंग्लंडला हा हिशेब पावणेदोनशे वर्षांपूर्वी मांडावा लागला होता. १८४२ साली एडविन चॅडविक यांनी श्रमिकांच्या वस्त्यांचा अहवाल छापला. लिव्हरपूल शहरात मृत्युसमयीचे सरासरी वय, सभ्य गृहस्थांचे ३५ वर्षे, व्यापाऱ्यांचे २२ आणि मजुरांचे अवघे १५! तान्ही मुले धडाधड मरत, म्हणून हा आकडा इतका खाली. एकच बंदर, एकच नदी, एकच देऊळ, आणि आयुष्ये तीन. हा आकडा वर्गवार फोडून छापला म्हणूनच टोचला. १८४७ मध्ये लिव्हरपूलने डॉ. विल्यम डंकन यांना आरोग्य अधिकारी नेमले. त्या देशातले हे पहिलेच पद. आजही तिथले सरकार लहान लहान वस्त्यांगणिक वंचिततेचा निर्देशांक छापते. त्याने गरिबी गेली का? नाही गेली. अंतर तिथेही आहे. पण निदान कोणा महापौराला सरासरीच्या शालीखाली ते झाकता येत नाही.

आता आपल्या आळीत या. आपल्या गाड्यांचे सुटे भाग भोसरी-चाकणच्या लहान लहान शेडमध्ये पॉवर प्रेसवर ठोकले जातात. प्रेसला सेन्सर नसला, किंवा काम अडते म्हणून तो बंद ठेवला, की पत्र्याबरोबर बोटही कापले जाते. 'सेफ इन इंडिया' ही संस्था मोटार उद्योगातल्या अशा जखमींचे अहवाल २०१९ पासून काढीत आली आहे. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते : अनेकांना विम्याचे कार्ड मिळते ते अपघात घडल्यानंतर. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८ चा. म्हणजे पाऊण शतक उलटले, तरी कार्ड बोटाच्या मागूनच येते! माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या प्रगतिपुस्तकावरची वडिलांची सही सहामाहीनंतर एकदम वेडीवाकडी दिसू लागली. मुलानेच केली असेल म्हणून मी विचारले. तो म्हणाला, "सर, बाबा आता डाव्या हाताने करतात." दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. दाखला न्यायलाही कोणी आले नाही.

२०२४ च्या २४ ऑक्टोबरला, दिवाळी आठवड्यावर आली असताना, भोसरीच्या सद्गुरूनगरमधील मजूर वस्तीत तात्पुरती बांधलेली पाण्याची टाकी कोसळली. खाली आंघोळीला आलेले पाच मजूर मेले. अभ्यंगस्नानाच्या तोंडावर साध्या आंघोळीला गेलेली माणसे! आणि २०२३ च्या ८ डिसेंबरला तळवड्यात एका विनापरवाना शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. तिथे काय तयार होत होते? वाढदिवसाच्या केकवर लावतात ती चमकती फुलबाजी. सहा बाया तिथेच गेल्या. भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढे रुग्णालयात. त्या केकभोवती टाळ्या वाजवणारे आपणच होतो ना? तळवडे १९९७ पासून महापालिकेच्या हद्दीत आहे. मालमत्ताकराची पावती ज्या घरी अचूक पोहोचते, त्या गल्लीत निरीक्षक मात्र पोहोचत नाही.

हद्दीबाहेर चाकणची तर आणखीच तऱ्हा. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, निघोजे, कुरुळी ही नावाला खेडी. एकेका खोलीत पाळीप्रमाणे माणसे निजतात. एक उठला की त्याच अंथरुणावर दुसरा. शासनाच्या मापाने सपाट प्रदेशात ३०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पण वस्ती मोजायची कोणी? २०२१ ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही, आणि भाडेकरू पोरगा ना गावच्या मतदार यादीत, ना ग्रामपंचायतीच्या लेखी. जो मोजलाच नाही त्याच्यासाठी डॉक्टर कोण धाडणार?

महापालिकेने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. संत तुकारामनगरचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय ७५० खाटांचे आहे आणि आसपासचे तालुके त्याच्या आधारावर आहेत. जिजामाता, आकुर्डी, थेरगाव, भोसरी इथेही रुग्णालये झाली. पण रोजंदारीच्या माणसाला सकाळची रांग म्हणजे बुडालेला दिवस. तो दुखणे अंगावर काढतो आणि झोळीत घालून आणायची वेळ आली की येतो. खाटा वाढवणे हे रोग पिकल्यानंतरचे काम. तो कुठल्या गल्लीत पेरला जातो, ते शोधण्याला भूमिपूजनाचा नारळ लागत नाही, म्हणून ते कोणाला सुचत नाही.

माझी मागणी साधी आहे, आणि खर्च एका पानाचा. महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत : अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. पुढील वर्षापासून प्रत्येकाने आपल्या दारावर एक पान लावावे. आपल्या हद्दीत या वर्षी किती तान्ही मुले गेली, कुठल्या वस्तीतली? क्षयाचे रुग्ण किती, कुठल्या कामावरचे? किती कामगारांची बोटे गेली, आणि विम्याचे कार्ड त्यांच्या हाती कोणत्या तारखेला पडले? किती घरांत नळ आहे, किती घरे टँकरवर? चाकणच्या नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतींनीही तेच करावे, भाडेकरूंसकट. सरासरी नको. गल्लीवार हवे.

२०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षे प्रशासकाचाच कारभार होता. तेव्हा विचारायचे कोणाला, अशी सबब आपल्याला होती. ती काही कायमची नव्हे. मत मागायला जो कोणी दारात येईल त्याला फराळ जरूर द्या; आपली संस्कृतीच तशी आहे. पण बशी पुढे करण्यापूर्वी त्याच्याकडे हे पान मागा. पान नसेल, तर त्याच्या हातावर आधी कारीट ठेवा.