पाळी, स्वमग्नता आणि पोलादपूर

प्रवासाच्या सोयीसाठी कशेडीचा बोगदा खुला झाला, तशी पोलादपूर-महाडच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुली-स्त्रियांसाठी मानसोपचाराची सोयही शासनाने तालुक्यातच करावी, असे आमचे ठाम मत आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे; पण शासकीय बालआरोग्य तपासणी अठराव्या वर्षी संपते. गरज मात्र तिथे संपत नाही: पाळी सुरू होताना आणि जाताना संप्रेरके बदलतात. तेव्हा आवाज, उजेड, पॅडचा स्पर्शसुद्धा असह्य होतो, झोप उडते, खिन्नता वाढते, असे ब्रिटनमधील अभ्यासांत स्वमग्न स्त्रियांनीच सांगितले आहे. आपल्याकडे त्याला हट्टीपणा नाहीतर ‘बाहेरचं’ म्हणतात.

बाळंतपणालाच डॉक्टर मिळेना, तिथे हे कशाला, हा आक्षेप खोटा नाही. पण याला नवी इमारत लागत नाही. आशाताईंनी पाळीबरोबर झोपेचीही विचारपूस करावी. जिल्हा मानसिक आरोग्य पथकाने पोलादपूर ग्रामीण रुग्णालयातला आपल्या भेटीचा वार आजच जाहीर करावा.