राणीची बाग: आधी झाडे, मग पिंजरे

१/ भायखळ्याची राणीची बाग म्हटली की वाघ, हत्ती आणि अलीकडे पेंग्विन आठवतात. ‘मुंबईचे प्राणिसंग्रहालय’ ही तिची ओळख रुळली आहे. ही ओळख इतिहासाला धरून नाही, आणि तिची किंमत झाडांना मोजावी लागते.

२/ कृषी व उद्यानविद्येला वाहिलेल्या एका संस्थेची वनस्पतिबाग १८३५ पासून शिवडीला होती. ती जागा युरोपीयांच्या दफनभूमीसाठी गेल्यावर १८६१ मध्ये माझगावच्या माऊंट इस्टेटवरील ३३ एकर जमिनीवर नवी बाग आखली गेली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रियर यांनी तिचे उद्घाटन केले. नाव पडले ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’. हेतू स्पष्ट होता: वनस्पतींचा संग्रह आणि अभ्यास.

३/ ‘ही इंग्रजांची देणगी’ हा दावाही अर्धसत्यच. बागेतील संग्रहालयाच्या उभारणीत जॉर्ज बर्डवूड यांच्याइतकेच डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट झटले. निधी नागरिकांच्या वर्गणीतूनही आला. घड्याळाचा मनोरा डेव्हिड ससून यांच्या नावाचा. राणीचे होते ते केवळ नाव.

४/ १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. प्राण्यांसाठी १५ एकरांची भर पडली ती १८९० मध्ये, म्हणजे उद्घाटनानंतर तब्बल २८ वर्षांनी.

५/ यावर हमखास उत्तर मिळते: ‘लोक प्राणी पाहायलाच येतात.’ येतात, हे खरे. पण गर्दीवरून संस्थेचे प्रयोजन ठरत नाही. वाघासाठी आलेली मुले ज्या सावलीत विसावतात, ती सावली या संग्रहाचीच आहे. गोरखचिंच, कैलासपती, दुर्मीळ उर्वशी असे तीन हजारांहून अधिक वृक्ष येथे उभे आहेत.

६/ हा शब्दांचा खेळ नव्हे. जागेला ‘प्राणिसंग्रहालय’ म्हटले की पिंजरा ही गरज ठरते आणि झाड हा अडथळा. २००७ च्या सुमारास आलेल्या पुनर्विकास आराखड्याविरुद्ध नागरिक उभे राहिले ते याच भीतीपोटी. पिंजरा वर्षभरात नवा बांधता येतो. शतकभराचे झाड कोणत्याही निविदेने मिळत नाही.

७/ ‘वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय’ या आजच्या अधिकृत नावातही ‘उद्यान’ हाच शब्द आधी येतो. महापालिकेने प्रत्येक नवा आराखडा त्याच क्रमाने करावा: आधी झाडांची नोंद, मग बांधकामाची रेषा.