खाजकुयलीच्या बियांतले औषध

अहेरी-आलापल्लीच्या जंगलात पावसाळ्यात झाडांवर चढणारा खाजकुयलीचा वेल लोक लांबूनच ओळखतात. त्याच्या शेंगांवरची लव अंगाला लागली की असह्य खाज सुटते. या शेंगांतले बी आयुर्वेदात फार पूर्वीपासून वापरात आहे. 1937 साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या संशोधकांनी त्यातून ‘लेव्होडोपा’ हे द्रव्य वेगळे केले. पार्किन्सनच्या म्हणजे कंपवाताच्या उपचारात आज हेच मुख्य औषध आहे.

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. डोपामिन हे पेशींमधले संदेशवाहक रसायन. ते घटले की हात थरथरतात, स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते. बाहेरून डोपामिन देऊन उपयोग नसतो, कारण रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ते ओलांडू शकत नाही. लेव्होडोपा मात्र तो ओलांडते आणि मेंदूत पोहोचल्यावर त्याचे डोपामिन होते.

मुंबईत डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी या बियांचे चूर्ण रुग्णांना देऊन 1978 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. 2004 मध्ये लंडनला आठ रुग्णांवर झालेल्या चाचणीत चूर्णाचा परिणाम नेहमीच्या गोळीपेक्षा लवकर सुरू झाला आणि 37 मिनिटे अधिक टिकला. आठ ही संख्या लहान आहे, पण वनस्पतीत खरोखर गुण आहे याविषयी शंका उरत नाही.

प्रश्न मात्रेचा आहे. बियांत लेव्होडोपा साधारण चार ते सहा टक्के असते, काही वाणांत याहून कमी किंवा जास्त. म्हणजे दहा ग्रॅम चूर्णातून 400 ते 600 मिलिग्रॅम औषध पोटात जाऊ शकते. गोळीत लेव्होडोपाबरोबर कार्बिडोपा असते. ते लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामिन होऊ देत नाही. नुसत्या चूर्णात ते नसल्याने मळमळ होते, रक्तदाब उतरतो. आणि गोळी असो वा चूर्ण, पेशींचे मरणे दोन्हींनी थांबत नाही. त्रास तेवढा कमी होतो.

म्हणून हे बी निरुपद्रवी जडीबुटी समजणे आम्हाला धोक्याचे वाटते. बाजारातल्या प्रत्येक पुडीवर लेव्होडोपाचे तपासलेले प्रमाण छापणे सक्तीचे व्हावे आणि या बियांच्या व्यापारात त्या वेचणाऱ्या गावांना रास्त दर मिळावा. घरात कंपवाताचा रुग्ण असेल तर चालू गोळी परस्पर बंद करू नका, आणि चूर्ण घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.