सगळी सोंगं आणता येतात, पाण्याचं नाही

आज संध्याकाळी दिंद्रुडच्या पारावर घटकाभर बसा आणि नुसतं ऐका. पाऊस कधी येणार, कापसावर काय फवारावं, बोअर कुठं घ्यावा, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. पण "बाबा, यातलं मला काही कळत नाही" असं म्हणणारा माणूस शेवटचा कधी भेटला, ते आठवून पाहा. लवकर आठवणार नाही. आपल्याकडं हे वाक्य उच्चारणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं, की आपलं निम्मं कर्ज या न उच्चारलेल्या वाक्यापायी आहे.

बोअरचंच घ्या. शेजाऱ्याला दोनशे फुटांवर पाणी लागलं, की आपली गाडी बांधावर हजर. दोनशेला फुफाटा निघाला, तर तीनशे, मग पाचशे. इथं थांबलो तर लोक काय म्हणतील! आपल्या भागात खाली काळा पाषाण आहे. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. भेगा संपल्या की खोल जाऊन बहुधा पैसेच मुरतात. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्यानं 60 मीटरच्या खालच्या विहिरींवर बंधन घालण्याची तरतूद केली ती उगीच नाही. पण कायद्याच्या आधी माणसानं स्वतःला विचारायला पाहिजे, "माझ्या रानात पाणी आहे किती?"

हा प्रश्न एका गावानं विचारला. शेजारच्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. तिथला पाऊस आपल्यापेक्षाही कमी. 1972 च्या दुष्काळानंतर गाव मोडकळीला आलं, माणसं पोटासाठी बाहेर पडली. पुढं पोपटराव पवार सरपंच झाले आणि नव्वदच्या दशकात आदर्श गाव योजनेतून पाणलोटाची कामं झाली. बांध तर पुष्कळ गावांत झाले. हिवरे बाजारनं त्यापुढं जाऊन स्वतःवर बंधनं घालून घेतली. शेतीसाठी बोअर नाही. ऊस नाही, केळी नाही. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा: आधी माणसांचं, मग जनावरांचं, उरेल त्यावर रब्बीचं पीक ठरवायचं. पाऊस कमी, तर पेराही कमी. "आपल्याकडं एवढंच आहे" हे भर सभेत कबूल करणारं गाव पुढं देशाला माहीत झालं. पोपटरावांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली.

आता आपला ताळेबंद मांडू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी 10 हजार लिटर पाणी. बीड जिल्ह्यात सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पडतो, तोही पडला तर. म्हणजे हेक्टरी 65 ते 70 लाख लिटर. त्यातलंही बरंच वाहून जातं, उन्हानं उडतं. मोकळ्या पाण्यावरच्या उसाला दोन हजार मिलिमीटरच्या पुढं लागतं, म्हणजे दोन कोटी लिटर. उरलेलं आणायचं कुठून? माजलगाव धरण भरलं, कालव्याला पाणी आलं, तर ठीक. नाही आलं तर? 2016 साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. ते धरण आपल्याच जिल्ह्यात, धनेगावला आहे. म्हणून म्हणतो, सगळी सोंगं आणता येतात, पाण्याचं आणता येत नाही.

पाण्याचं तेच औषधाचं. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. जहाल औषधांची मिश्रणं, डोक्याइतकी वाढलेली पिकं, तोंडाला फडकंसुद्धा नाही. दोष अनेकांचा होता, त्याचा वाद वेगळा. आपण एवढंच शिकायचं, की बाटलीवरचं कळत नसेल तर झाकण उघडण्याआधी विचारायचं. पोराला वाचायला लावा. अंबाजोगाईचं किंवा खामगावचं कृषी विज्ञान केंद्र काही परमुलखात नाही. विचारण्यात कमीपणा नाही, न विचारण्यात जीव जातो.

आणि गावच्या कारभाऱ्यांनो, तुम्हीही यातून सुटत नाही. शेतकऱ्यानं विम्याचं, अनुदानाचं विचारलं की ठोकून काहीतरी सांगू नका. "मला नक्की माहीत नाही, विचारून उद्या सांगतो" म्हणा आणि उद्या खरंच सांगा. तुमच्या एका अंदाजापायी कुणाची मुदत टळते, कुणाचा तालुक्याला हेलपाटा होतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. मर्यादा ओळखणं म्हणजे हात टेकणं नव्हे. गावात काम नाही म्हणून जे जोडपं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातं, त्याला "अंथरूण पाहून पाय पसर" असा उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याचं अंथरूणच दुसऱ्यानं आखडलंय. कालव्याचं पाणी, विम्याचे पैसे, रोजगार हमीचं काम हा आपला हक्क आहे, तो मागायचाच. पण ज्याचा स्वतःचा हिशेब चोख, त्याच्या मागणीला वजन येतं.

म्हणून यंदा दिवाळीच्या आसपास तीन कामं करा. दोरीला दगड बांधून विहिरीचं पाणी मोजा आणि आकडा वहीत लिहा. मातीची तपासणी करून घ्या. आणि ग्रामसभेत एकदा तरी उठून म्हणा, "मला हे कळलं नाही, पुन्हा सांगा." चारजण हसतील, हसू द्या. त्या चारातल्या तिघांनाही ते कळलेलं नसतं.